डायोरामा करताय? मग या चुका टाळा

दिवाळीत ज्यानं गोणपाटावर माती थापून किल्ला केलाय, बुरुजांच्या कडेनं अळीव पेरून हिरवळ उगवलीय, त्याला डायोरामा (एखाद्या जागेचा प्रमाणात लहान केलेला त्रिमित देखावा) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. हात तयारच असतो. पण हाताबरोबर किल्ल्याच्या सवयीही येतात. किल्ल्यावर महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, पायथ्याला मावळ्याएवढा वाघ असतो, आणि तिथे ते शोभतंही. डायोरामात एकदा प्रमाण ठरलं की शेवटच्या खड्यापर्यंत तेच पाळायचं. ठाण्यात माझ्याकडे मुलं, आणि कधी त्यांचे बाबाही, आपलं काम दाखवायला आणतात. चुका फिरून फिरून त्याच. म्हणून एकदाच लिहून काढतोय.

दृश्य ठरायच्या आधी सामान

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला एक फेरी होते, तयार गवताच्या पिशव्या, झाडं, दोन-तीन वेगवेगळ्या प्रमाणांतली माणसं घरी येतात, आणि मग प्रश्न येतो, ‘काका, यातून काय करता येईल?’ काही येत नाही. सामानातून दृश्य निघत नाही. दृश्य पक्कं असेल तर निम्मं सामान घरातच सापडतं.

आणि दृश्य शोधायला युरोपात जायची गरज नाही. नेटवर बघावं तर पडकी चर्चं, बर्फ, सूचिपर्णी झाडं. ती करणारा त्या गावांत वावरलेला असतो, निदान फोटोंचा ढीग अभ्यासलेला असतो. आपण नक्कल करतो तेव्हा त्या भिंतीवर ओल कुठून चढते हे आपल्याला ठाऊक नसतं. ठाण्यातली भिंत मात्र आपल्याला पाठ असते. खाली शेवाळ, वरून पावसाचे काळे ओघळ, ड्रेनेज पाइपच्या जॉइंटपाशी उगवलेलं पिंपळाचं रोप. चेंदणी कोळीवाड्यातलं एखादं जुनं घर किंवा नौपाड्यात रिडेव्हलपमेंटला निघालेली दुमजली इमारत रोजच्या वाटेवर असते. जे पाडलं जाणार आहे त्याचे फोटो आजच काढा, पुढच्या वर्षी तिथे हिरवी जाळी आणि क्रेन असेल. मी फोटो काढताना सहा इंची पट्टी भिंतीला टेकवून ठेवतो, म्हणजे घरी आल्यावर माप काढता येतं. पट्टी नसेल तर विटा मोजतो.

इतिहासातलं दृश्य करायचं असेल तर ठाणेकराच्या मनात पहिली आगगाडी येणारच. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून निघालेली १४ डब्यांची गाडी, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. जरूर करा. पण दुकानातले तयार एचओ रूळ, म्हणजे १:८७ प्रमाणाचे, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे, आणून चिकटवू नका. ते १६.५ मि.मी. रुंदीचे असतात, कारण ते १४३५ मि.मी.च्या परदेशी गेजसाठी (दोन रुळांमधल्या अंतरासाठी) बनवलेले असतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मि.मी., म्हणजे १:८७ ला १९ मि.मी.हून थोडा जास्त. अडीच-तीन मि.मी.चा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, मॉडेलमध्ये मात्र रूळ अरुंद गेजचे दिसतात. डायोरामात गाडी पळवायची नसतेच. त्याच रुळांच्या पट्ट्या सोडवा, उदबत्तीच्या काड्या तासून त्यांचे स्लीपर करा आणि अंतर स्वतः मोजून चिकटवा.

याच प्रकारातली दुसरी चूक म्हणजे एका फळीवर अख्खी तलावपाळी, म्हणजे मासुंदा तलावाचा काठ. कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, होड्या, भेळेच्या गाड्या, सगळं. ए-४ कागदाएवढा तळ १:३५ ला फक्त १० मीटर बाय ७ मीटर जागा देतो. एवढ्यात एक पानटपरी, ७५ मि.मी. लांबीची एक रिक्षा, गटाराचं उखडलेलं झाकण आणि दोन माणसं छान बसतात. तेवढंच करा, पण त्या टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळांपर्यंत करा.

प्रमाण खड्यालाही लागतं

कुरिअरचा खोका फुकट मिळतो, त्याचा वरचा कागद सोलला की आत नालीदार पुठ्ठा निघतो, आणि तो झोपडीवर बसवला की पत्र्याचं छप्पर तयार! हा उपाय इतका पसरलाय की मला तो ओळखायला आता छप्पर जवळून बघावंही लागत नाही. खऱ्या पत्र्याच्या दोन उंचवट्यांमध्ये साधारण ७५ मि.मी. अंतर असतं. खोक्याच्या नाल्या सातेक मि.मी.वर असतात. १:३५ ला गुणून बघा, पाव मीटर. १:७२ ला तर अर्धा मीटर. असला पत्रा जगात कुठे बनत नाही. रंगकाम कितीही सुंदर करा, गंजाचे ओघळ कितीही अभ्यासून काढा, बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण घर खेळण्यातलं वाटतं. मेहनत तिथेच वाया गेली.

उपाय हार्डवेअरच्या दुकानात आहे. एम-६ च्या, म्हणजे ६ मि.मी. जाडीच्या, बोल्टचा आटा (दोन रेघांमधलं अंतर) बरोबर १ मि.मी.चा असतो, आणि १:७२ साठी तेच हवं. १:३५ साठी एम-१६ घ्या, त्याचा आटा २ मि.मी. पूर्ण आट्याचा रॉड मागितला की दुकानदार हवा तेवढा कापून देतो. हॉटेलच्या पार्सलचे ॲल्युमिनियमचे डबे धुऊन त्यांचा सपाट तळ कापून घ्या, जुन्या रबरी माउसपॅडवर ठेवा आणि रॉड दाबून एकाच दिशेनं फिरवा. पुढे-मागे करू नका, रेघा एकमेकींवर चढतात. आट्यामुळे रेघा किंचित तिरक्या पडतात, म्हणून मी पत्रा आधी कापत नाही. आधी रेघा पाडायच्या, मग त्या रेघांना समांतर कापायचं. खरे पत्रे जेवढ्या लांबीचे येतात तेवढेच तुकडे करून ते एकावर एक थोडे चढवून बसवा. कडा थोडी वाकवा, एक पत्रा दुसऱ्यापेक्षा जुना रंगवा.

याला वेळ लागतो, हो. छपराला रविवार लागला म्हणून तक्रार करणाऱ्यांनी हा छंद का धरलाय, हे मला खरोखर कळत नाही.

वाळूचंही तसंच. १ मि.मी.चा कण १:७२ ला मुठीएवढा दगड होतो, आणि लोक तीच वाळू ‘रस्त्यावरची धूळ’ म्हणून पसरतात. बांधकामावरची काळी दगडी कच मिळवा. ठाण्यात बांधकामाला तोटा नाही, वॉचमनला विचारलं तर डबाभर कच कुणी नाही म्हणत नाही. ती आपल्याच बेसाल्टची असते, त्यामुळे रेल्वेच्या खडीचा रंग आपसूक मिळतो. खरी खडी मोठ्यात मोठी ६५ मि.मी., म्हणजे १:८७ ला पाऊण मि.मी.च्या आत. चहाच्या जुन्या गाळणीतून चाळा. वर राहिलेली कच टाकू नका, ती मोठ्या प्रमाणाच्या कामाला लागते. चिकटवताना आधी पाण्याचा हलका फवारा, मग पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरनं. त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे एक-दोन थेंब टाकले की तो खडीत झिरपतो. नाहीतर वर मोत्यासारखे थेंब बसून राहतात.

तलावाचं पाणी आणि स्वस्तातलं रेझिन

आमच्या सोसायटीतल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलानं मासुंदा तलावाचा एक कोपरा केला होता. घाटाच्या पायऱ्या, कडेला बांधलेली एक होडी, बस. पायऱ्या सनबोर्डच्या, दगडाचे सांधे एकेक करून कोरलेले, पाण्याच्या रेषेवर हिरवट काळा पट्टा. मी बघून खूश झालो होतो. तळ टीव्हीच्या पॅकिंगमधल्या थर्माकोलचा होता. राहिलं होतं फक्त पाणी. पाण्यासाठी ओततात ते इपॉक्सी रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं पारदर्शक द्रव, महाग वाटलं, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की फायबरची कामं करणाऱ्यांचं सामान मिळतं तिथे रेझिन फार स्वस्त असतं. यानं डबा आणला, हार्डनर मिसळला आणि रात्री सगळं एकदम ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रे घेऊन दारात उभा. तळाचा थर्माकोल खचून पोकळ झालेला. खालच्या तीन पायऱ्या आत कललेल्या. होडी गुलाबीसर जेलीत नाकावर रुतलेली. उरलेलं रेझिन कडेनं वाट काढून अभ्यासाच्या टेबलावर सुकलेलं. घरात वास इतका की आई रात्रभर गॅलरीत बसली होती. ‘पण काका, यूट्यूबवर तर असंच ओततात!’

यूट्यूबवर ओततात ते इपॉक्सी. यानं आणलं ते पॉलिएस्टर रेझिन, त्यात स्टायरीन असतं, आणि थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. स्टायरीन त्याला विरघळवतंच. वरून रंग किंवा फेव्हिकॉलचा थर दिला असला तरी टाचणीएवढं भोक पुरतं. शिवाय पॉलिएस्टरचा हार्डनर आणि ॲक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडू शकतो. घरात, तेही पहिल्यांदा हात लावणाऱ्यानं, या वाटेला जाऊच नये.

इपॉक्सी थर्माकोल विरघळवत नाही, पण जाड ओतलं की स्वतःच तापतं आणि त्या उष्णतेनं थर्माकोल बसतो. तीन-चार मि.मी.चा थर ओता, तो पूर्ण घट्ट होऊ द्या, मग पुढचा. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण वजनानं घ्यायचं की मापानं, हे डब्यावर वाचा, दोन्हींत फरक पडतो. आणि जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत रेझिनला हात लावू नका, पृष्ठभागावर चिकट, दुधाळ साय धरते.

खरं सांगायचं तर तलावाला रेझिन लागतच नाही. काठावर उभं राहून बघा, पायरीच्या खाली वीतभरही काही दिसत नाही. जे पाणी आरपार दिसत नाही त्याला खोली कशाला? मी सपाट पुठ्ठ्यावर टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलनं चिकटवतो आणि ओला असतानाच ब्रशनं बारीक लहरी उठवतो. वाळला की काळपट हिरवा रंग, काठाशी थोडा मातकट, आणि वर चकचकीत क्लिअर ॲक्रिलिक वॉर्निशचे पातळ हात, प्रकाश लहरींवर ओला दिसेपर्यंत. निळा रंग वापरू नका. त्या मुलानं नंतर हेच केलं, वरच्या पायऱ्या वाचल्या होत्या त्या तशाच वापरल्या.

बाकीच्या चुका, थोडक्यात

थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारू नका, तोही विरघळवतो. फेव्हिक्विकचंही तेच, शिवाय त्याच्या वाफेनं खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरकट झाक बसते. गोळ्यांच्या पाकिटातलं प्लास्टिक खिडकीला उत्तम, पण ते शेवटी आणि फेव्हिकॉलनं बसवा.

२०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. डोंगरउतारासाठी तो लागतही नाही. कुरिअरचे खोके इथे खरे कामाला येतात. थरावर थर चिकटवा, कटरनं उतार काढा, वर कागदाचा लगदा.

समुद्राची किंवा खाडीकाठची वाळू कितीही धुतली तरी मी वापरत नाही. मीठ राहिलं तर पावसाळ्यात पांढरा फुलोरा वर येतो.

कुंडीतली माती जुन्या तव्यावर भाजून मगच घ्या, नाहीतर आतून किडे निघतात. चहाचा चोथा जमिनीला सुंदर, पण कडक उन्हात पुरता वाळलेला हवा, नाहीतर बुरशी.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात टाका, प्लास्टरवर पाणी ओतू नका. घट्ट व्हायला लागलेलं पाणी घालून पुन्हा ढवळलं तर ते भुसभुशीत होतं.

झाडं विकत घेऊ नका. कुंडीत वाळून गेलेल्या रोपाची मुळं धुऊन उलटी धरा, फांद्या तयार. पानांसाठी भांडी घासायचा स्पंज बारीक करून तीन-चार हिरव्यांत रंगवा. एकाच हिरव्यातलं झाड मेलेलं दिसतं.

फेव्हिकॉल वाळवायला हेअर ड्रायर हा घाईवाल्यांचा आवडता उपाय. वर कातडी धरते, आत ओलंच राहतं, आणि पुठ्ठा वाकतो. पुठ्ठ्याच्या एका बाजूला फेव्हिकॉल लावला तर दुसऱ्या बाजूलाही एक हात द्या, वर जाड पुस्तकं ठेवा आणि झोपा.

झालेलं काम उघडं ठेवू नका. हायवेची धूळ आधी पाण्यावर बसते, आणि वॉर्निशवरून ती निघत नाही. वागळे इस्टेटच्या बाजूला साइनबोर्ड करणाऱ्यांकडे ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. माप कागदावर लिहून न्या, ते कापूनही देतात. पेटी चिकटवली की बुटांच्या खोक्यात निघणारी सिलिका जेलची पुडी घराच्या मागे, समोरून दिसणार नाही अशी सरकवून ठेवा आणि दर पावसाळ्याच्या आधी बदला.