इंदूरमध्ये नवीन आहात आणि मध्यरात्री दाढ ठणकायला लागली तर

शिकायला किंवा नोकरीसाठी इंदूरला आलेली आपली मुलं पहिल्याच आठवड्यात सराफ्याला, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जातात. गरमागरम जलेबी, त्यावर थंडगार शिकंजी, थंडीचे दिवस असले तर गराडू, म्हणजे तळलेला कंद. गावाकडे महिनोन्‌महिने गप्प बसलेली किडकी दाढ नेमकी त्याच रात्री उसळते. खोलीत घरचं कोणी नसतं, ओळखीचा डॉक्टर नसतो. भंवरकुआं नाही तर विजयनगरच्या एखाद्या खोलीतून मला फोन येतो, तेव्हा मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. सकाळपर्यंत कसं निभवायचं, एवढ्यापुरतंच हे आहे. दाढ बरी करणं डॉक्टरांच्याच हातात.

आधी कोमट पाण्यानं चूळ भरा. दोन दातांच्या फटीत भुट्ट्याचं साल किंवा शेवेचा कण अडकला असेल, तर दात साफ करायचा दोरा हलक्या हातानं फिरवा. टाचणी, सुई, आगपेटीची काडी मुळीच घालू नका. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. पुष्कळदा एवढ्यानंच थोडा उतार पडतो.

लवंगेचं तेल खरोखर उपयोगी आहे. त्यातलं युजेनॉल ती जागा काही वेळ बधिर करतं. पण लावायची रीत असते. माझ्या शेजारच्या काकू कापसाची तांदळाएवढी गोळी करतात, तेलाच्या एका थेंबात भिजवतात, दोन बोटांत दाबून जादा तेल काढून टाकतात आणि चिमट्यानं फक्त किडीच्या खड्ड्यावर टेकवतात. तेल हिरडीवर ओघळलं तर आग होते, कातडी सोलवटते. गिळायचं नाही, आणि लहान मुलांना तर लावूच नये. तेल नसेल तर अख्खी लवंग दाढेपाशी धरून ठेवली तरी चालते. (इंदूरची लौंग शेव खाऊन मात्र ठणका जात नाही, उलट तिखटानं वाढतो.)

गोळीचं नीट समजून घ्या. प्रौढ माणसाला, दुसरं काही दुखणं नसेल तर, काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम, ही जोडी दातदुखीवर चांगली चालते. पुढची मात्रा सहा ते आठ तासांनी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसभरात आयब्युप्रोफेन 1200 च्या वर नेऊ नका. कॉम्बिफ्लॅममध्ये ही दोन्ही औषधं आधीच असतात, तेव्हा ती घेतली तर वर वेगळी गोळी नको. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी चालू, गरोदरपण किंवा डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन टाळा, नुसतं पॅरासिटामॉल घ्या. मुलांची मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनाच विचारा.

रात्री उघड्या असलेल्या मेडिकलवाल्याला "दाढ दुख रही है" म्हटलं की तो चार रंगांच्या सुट्या गोळ्या पुडीत बांधून देतो. ती पुडी घेऊ नका. नाव आणि तारीख दिसेल अशी पट्टी मागा. त्या पुडीत बहुतेक वेळा अँटिबायोटिक असतं, आणि दाढेच्या आतली नस सुजली असेल तर त्यानं कळ थांबत नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची जुनी सवयही सोडा, तिथे भाजल्यासारखी जखम होते. मिश्री, तंबाखू, दारूची चूळ यांचंही तेच.

आडवं पडलं की ठणका का वाढतो? नस दाढेच्या टणक कवचात कोंडलेली असते, सुजायला जागा नसते आणि डोकं खाली गेलं की तिथला रक्ताचा दाब वाढतो. म्हणून दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून पंधरा मिनिटं धरा. शेक देऊ नका.

आता महत्त्वाचं. सूज जबड्याखाली, मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास जड झाला किंवा ताप चढला, तर सकाळची वाट पाहायची नाही. 108 लावा किंवा थेट एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, तातडीच्या विभागात जा. खालच्या जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल तर ते दाढेचं दुखणं समजूच नका, तेव्हाही 108.

तसं काही नसेल तर सकाळी एमवायजवळचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. ते 1961 पासून आहे. पर्चीच्या खिडकीवर गर्दी होते, म्हणून लवकर निघा. रात्रीतून कळ थांबली तरी जा. कधी कधी नस मेली की दुखणं थांबतं आणि खाली पू साठत राहतो. "काढूनच टाका" असं आपणहून म्हणू नका, दाढ वाचेल का ते आधी विचारा. कोणती गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून न्या. कळ गरमानं येते की गारानं, आणि घोट गिळल्यावरही किती वेळ टिकते, तेही लिहा. डॉक्टर हे विचारतातच, आणि नस कितपत खराब झाली आहे याचा अंदाज त्यावरून बांधतात.