‘बोलावलंय’ ते ‘येऊ का?’ : शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी

रुजू झाले त्याच आठवड्यात मी शिपाईमामांच्या हाती चिठ्ठी देऊन सातवीतल्या एका मुलाला बोलावलं. तो दारातच थांबला, दोन्ही हात पाठीमागे, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “बाई, मी नव्हतो त्यात.” मधल्या सुट्टीत कुठलीशी काच फुटली होती, त्याची चौकशी चाललीय असं त्याला वाटलं. मला फक्त त्याची ओळख करून घ्यायची होती.

एम.ए.च्या दोन वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. खासगी केंद्रात माणूस वेळ ठरवून, फी भरून, मदत हवी म्हणून येतो. शाळेत मूल येत नाही, पाठवलं जातं. शिपाईमामा वर्गाच्या दारात उभे राहून नाव घेतात, साठ डोकी वळून बघतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी “गेला कामातून” असं पुटपुटतं. अकरा वर्षांनंतर मला वाटतं, शाळेतल्या समुपदेशकाची निम्मी मेहनत या ‘पाठवलं’चं ‘आलं’ करण्यातच जाते. ते जमलं की शिकलेल्या पद्धती उपयोगी पडतात, त्याआधी नाही.

मी चिठ्ठ्या बंद केल्या. जूनमध्ये प्रत्येक वर्गावर एक तास मागून घेतला. कुणी गैरहजर असलं की मिळणारा ऑफ तास नको, वेळापत्रकातला हवा. त्या तासाला मी कोण, माझ्या खोलीत काय चालतं, काय चालत नाही, तिथलं बोलणं कुठे जातं आणि कुठे जात नाही, हे सांगते. मधल्या सुट्टीत डबा घेऊन मैदानाच्या कडेला बसते. खोलीबाहेर एक कुलूपबंद पेटी आहे. त्यात नाव, इयत्ता आणि सोयीचा तास एवढंच लिहून टाकायचं. पहिल्या महिन्यात त्यात चॉकलेटचे कागद सापडतात. तरी पेटी काढू नका.

‘समुपदेशन’ या आपल्या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलाय, आणि ऐकणाऱ्याला नेमका तेवढाच ऐकू येतो. पालक म्हणतात, “तुम्ही जरा समजावून सांगा त्याला.” वर्गशिक्षक म्हणतात, “दोन शब्द सुनवा.” नव्यानं आलेल्या समुपदेशकालाही सांगायची घाई असतेच. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समोरच्याला बिनशर्त स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः खरं असणं या तीन गोष्टी मांडल्या. त्या आपण परीक्षेत लिहून मोकळे होतो. पण हेच रॉजर्स अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये १९२८पासून बारा वर्षं अडचणीतल्या मुलांबरोबर काम करत होते. मुलांसमोर बसून शिकलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे, हे कळल्यावर मला त्याचा आधार वाटला. शाळेत त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच: पहिल्या भेटीत एकही सल्ला द्यायचा नाही. मूल म्हणालं “मला वर्गात बसवत नाही,” तर “बसायला हवं ना बाळा” असं न म्हणता “बसवत नाही” एवढंच त्याच्या शब्दांत म्हणायचं आणि थांबायचं. ते थांबणं फार अवघड जातं. बाहेर कवायतीची शिट्टी वाजत असते, तासाची वीस मिनिटं उरलेली असतात.

वेळेचं गणित आधीच मनाशी पक्कं करा. पुस्तकातलं पन्नास मिनिटांचं सत्र शाळेत मिळत नाही. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात मूल वर्गातून येणार, दप्तर आवरणार, परत जाणार. हाती पंचवीस मिनिटं लागतात, आणि गणिताच्या तासाला बोलावलंत तर त्या शिक्षकांची नाराजी वेगळी. म्हणून मला उपायकेंद्री पद्धत शाळेला सगळ्यात जवळची वाटते. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९७८पासून ती घडवली. दुखण्याचा इतिहास उकरत बसण्यापेक्षा काय थोडंफार बरं चाललंय ते शोधायचं, हा तिचा रोख.

त्यातला मोजपट्टीचा प्रश्न मी खऱ्या पट्टीवर विचारते. सहावीतला एक मुलगा महिनाभर कुणाशी बोलत नव्हता. त्याच्या कंपासपेटीतली पट्टी काढायला सांगितली. शून्य म्हणजे सगळं बिनसलंय, दहा म्हणजे छान चाललंय. आज कुठे आहेस, बोट ठेव. त्यानं दोनवर ठेवलं. ‘दोनच का’ असं विचारण्याचा मोह होतो. मी विचारलं, “शून्यावर का नाही ठेवलंस?” तो बराच वेळ पट्टीवरच्या आकड्यांवर नख घासत राहिला. मग म्हणाला, “आजी असते ना घरी.” महिनाभरातलं ते त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. पुढच्या भेटी आम्ही आजीवर बोललो: ती काय करते, तिच्याजवळ बसलं की काय होतं, तसं शाळेत कुणाजवळ थोडंसं तरी होतं का. चित्रकलेच्या सरांचं नाव निघालं. सरांना मी एवढंच सांगितलं की रंगाचं सामान आवरायला त्याला मदतीला घ्या.

मोठ्या मुलांसाठी, विशेषतः दहावीच्या वर्षात, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत फार उपयोगी पडते. एलिस यांनी ती १९५५च्या सुमारास मांडली. महाराष्ट्रात ती रुजवली कि. मो. फडके यांनी, त्यामुळे मराठीत तिची परिभाषा तयार आहे. इंग्रजी शब्दांची उसनवारी करावी लागत नाही. घटना आपल्याला थेट दुःखी करत नाही, तिच्याबद्दलचा आपला हट्टी समज करतो, हे तिचं सूत्र. मुलांना ते सिद्धान्त म्हणून सांगू नका. मी फळ्यावर मुलांचीच वाक्यं लिहून घेते: “मला नव्वद टक्के मिळायलाच हवेत.” “बाबा चिडताच कामा नयेत.” मग ‘च’ला गोल करायला सांगते. एलिस ज्या अट्टाहासाबद्दल बोलतात तो मराठीत बहुतेकदा या एका अक्षरात मावतो. खडूनं गोल केलेला ‘च’ एकेकानं पुढे येऊन पुसायचा आणि वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचायचं. एकदा एक मुलगी पुसून म्हणाली, “बाई, आता ते वाक्य माझंच वाटतंय. मघाशी पप्पांचं वाटत होतं.”

एक सावधगिरी. ज्या मुलाला घरी मार बसतोय त्याला “तुझा समज बदल” म्हणणं हा अन्याय आहे. तिथे घटनाच बदलायला हवी. तशीच दुसरी: चित्रात काळा रंग दिसला की निराशा, घराला दार नाही म्हणजे एकटेपणा, असे अर्थ लावू नका. मुलाला विचारा. अनेकदा काळा खडूच तेवढा शिल्लक असतो.

आता माझी चूक. नवव्या इयत्तेतल्या एका मुलीनं घरातल्या भांडणांबद्दल सांगितलं होतं. तिची वर्गशिक्षिका माझ्यावर माया करणारी होती. डबा खाताना तिनं विचारलं आणि मी, तिला मुलीकडे प्रेमानं बघता यावं म्हणून, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवून ती म्हणाली, “मला कळलंय गं तुझ्या घरचं, काळजी करू नकोस.” ती मुलगी पुन्हा माझ्या खोलीत आली नाही. जिन्यात दिसले तर भिंतीकडे सरकून जायची. हेतू दोघींचाही चांगला होता. तेव्हापासून शिक्षकांना काय करायचं एवढंच सांगते, का ते सांगत नाही: “आठवडाभर तिला उभं करून प्रश्न विचारू नका.” सुरुवातीला स्टाफरूमला हे तुटकपणाचं वाटतं. वर्षभरात शिक्षकच आपली दुखणी घेऊन दार लोटून आत येऊ लागतात, कारण इथलं बाहेर जात नाही हे त्यांनीही पाहिलेलं असतं.

पण गुप्ततेला सीमा आहेत आणि त्या मुलाला पहिल्याच भेटीत, साध्या शब्दांत सांगायच्या. “तुझ्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मी गप्प बसणार नाही. कुणाला सांगायचं ते आधी तुला सांगेन.” लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायदा, २०१२ च्या १९व्या कलमानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे आपली जबाबदारी संपली, असं नाही. शाळेच्या नावाचा विचार करून ‘आपण आतच मिटवू’ म्हणणारे भेटतील. न कळवणं हा गुन्हा आहे, हे त्यांना शांतपणे सांगा. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी खोलीच्या दारावर लावून ठेवा.

जीव द्यावासा वाटतो का, हे विचारायला नवे लोक घाबरतात. आपण विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. मी सरळ विचारते: “मरून जावं असं वाटतं का? कसं, ते ठरवलंयस का?” उत्तर ‘हो’ असेल तर ते मूल एकटं घरी जात नाही. पालक येईपर्यंत मी शेजारी बसते, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवते. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पालकांच्या फोनमध्ये माझ्यासमोर साठवून घेते. “आमचा मुलगा वेडा आहे का?” हा प्रश्न ठरलेला आहे. “ताप तीन दिवस उतरला नाही तर आपण मोठ्या डॉक्टरांकडे जातो ना, तसं,” एवढ्यावर बहुतेक पालक तयार होतात.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रात एम.ए. आणि प्रत्यक्ष देखरेखीखालचं काम, ही किमान तयारी समजा. आधीपासून शिक्षक असाल तर एनसीईआरटी या केंद्रीय शिक्षणसंस्थेचा मार्गदर्शन व समुपदेशन हा वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चांगला आहे. त्यात सहा महिने दूरस्थ, तीन महिने समोरासमोर आणि तीन महिने प्रत्यक्ष काम. निदान करणं, औषधं सुचवणं हे आपलं काम नाही. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत समुपदेशक हवा असं म्हटल्यानं जागांची चर्चा वाढलीय, पण अनेक ठिकाणी नेमणूक कंत्राटी किंवा आठवड्यातून दोन दिवसांची असते. मुलाखतीत तीन गोष्टी विचारून घ्या: दार बंद होईल अशी खोली आहे का, नोंदींच्या कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे राहील का, आणि मला शिस्त समितीवर घेणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर नम्रपणे नकार द्या. सकाळी शिक्षा सुनावणाऱ्या बाईंच्या खोलीत दुपारी कुणी रडत नाही.

आणि एकट्यानं हे काम करू नका. आम्ही वेगवेगळ्या शाळांतल्या पाच जणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका ज्येष्ठ समुपदेशक बाईंकडे बसतो. नावं न घेता केसेस मांडतो. त्या नवव्या इयत्तेतल्या मुलीची गोष्ट मी सगळ्यात आधी तिथेच सांगितली होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिची माफी मागितलीस?” मी मागितली नव्हती. सोमवारी तिच्या वर्गाबाहेर, शाळा सुटताना, मागितली. ती “हं” म्हणाली आणि सायकल काढायला गेली. दहावीच्या सहामाहीआधी पेटीत एक चिठ्ठी आली, तिच्याच अक्षरात: इयत्ता, तुकडी, आणि खाली, “शुक्रवारी पी.टी.च्या तासाला येऊ का?”