चेरी श्रिंपला सुकी पानं घालताना या चुका टाळा

चेरी श्रिंप म्हणजे गोड्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात ती छोटी कोळंबी. तिच्या टँकमध्ये देशी बदामाचं सुकं पान टाकलं आणि तीन-चार दिवसांत त्यावर पांढुरकी, बुळबुळीत साय धरली की नवखा माणूस घाबरतो. पान सडलं म्हणून काढून फेकतो. ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ती साय हेच श्रिंपचं जेवण. आधी ते पानावर वाढलेले जिवाणू आणि बुरशी खरवडतात, मग मऊ पडलेलं पान. शेवटी उरते ती शिरांची जाळी, लहानपणी वहीत जपलेल्या पिंपळपानासारखी. तोवर हात लावू नका.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सोसायटीत देशी बदामाची पानगळ सुरू होती. लाल-तपकिरी, देखणी पानं. चार उचलली, नळाखाली धुतली, टाकली. दुसऱ्या दिवशी श्रिंप आडवे पडून पाय झाडत होते आणि गोगलगायी मात्र मजेत काचेवर फिरत होत्या. हा फरक बघून ठेवा. पानांबरोबर पाण्यात तांबं गेलं असतं तर गोगलगायीही बंद पडल्या असत्या. त्या ठणठणीत आणि श्रिंपच मरताहेत, तर संशय कीटकनाशकावर. आदल्या आठवड्यात आवारात डासांसाठी धूरफवारणी झाल्याचं वॉचमनकडून नंतर कळलं. जे डासाला मारतं ते श्रिंपलाही सोडत नाही. दोघांची मज्जासंस्था एकाच घराण्यातली.

तांब्याचा धोका बागेतल्या पानांतून. द्राक्षाच्या पानांवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, मारलेलं असू शकतं. कडुनिंब ‘नैसर्गिक’ म्हणून घालू नका: त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, आणि श्रिंपही कात टाकूनच वाढतात. कण्हेर, रुई, निलगिरी यांचं तर नावच नको. मी आता गावच्या परसातली पेरू, फणस, तुतीची पानं आणतो. आंबे ठेवून पाचोळा कसला नेतोस, असं काकू दरवेळी विचारते.

हिरवं पान तोडून उन्हात वाळवण्यापेक्षा आपणहून गळलेलं घ्या. झाड गळण्याआधी त्यातला बराचसा रस काढून घेतं, म्हणून ते सावकाश कुजतं. पान तरंगत असेल तर रात्रभर भिजवा किंवा उकळतं पाणी ओता.

चाळीस लिटरला मोठं बदामाचं एक पान पुरे. पाणी चहासारखं झालं तर बिघडत नाही, रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा. पण मुंबईसारख्या मऊ पाण्यात केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार, कमी असतो, तिथे पानांचा ढीग घातला तर पीएच घसरतो, पाणी आम्लधर्मी होतं. बोअरच्या जड पाण्यात सहसा हलतही नाही.

सकाळी सगळे श्रिंप पृष्ठभागाशी गोळा झाले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडलाय. पानं काढा, एअर पंप लावा, अमोनिया तपासा आणि चौथा हिस्सा पाणी सावकाश बदला. घाईत अर्धा टँक रिकामा केलात तर पानांच्या त्रासातून वाचलेले श्रिंप त्या धक्क्याने जातील.