बालदुखापत-प्रतिबंधाच्या संशोधनात उतरताना

मुलांच्या आणि खेळा-सणांतील दुखापती टाळण्यावर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा पदवीबद्दल विचारतात. वैद्यकीय पदवीधरांनी कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करावे. फिजिओथेरपी, मानसशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकलेल्यांनी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) करून पीएचडीकडे वळावे. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्ही वाटांवर पक्के लागते. खरी कसोटी त्यानंतर लागते, ती दोन-तीन वर्षांत हातावेगळा होईल इतका नेमका विषय निवडण्याची.

दहीहंडीचेच उदाहरण घेऊ. कॅज्युअल्टीतील केसपेपरवर ‘थरावरून पडून’ एवढीच नोंद असेल, तर उपचाराला ती पुरते, संशोधनाला पुरत नाही. जखमी गोविंदा कितव्या थरावर होता, थर चढताना कोसळला की उतरताना, खाली मॅट होती की डांबर, हेल्मेट डोक्यावर टिकले की सुटले, तो स्वतः पडला की त्याच्यावर कोणी पडले, हे विचारणारा एकपानी तक्ता सणाच्या महिनाभर आधी तयार ठेवावा आणि तो भरणाऱ्या निवासी डॉक्टरांसोबत पाच-सहा केसपेपरांवर पडताळून पाहावा. प्रश्न सुचत नसतील तर अमेरिकेतील दुखापत-प्रतिबंधाचे अभ्यासक डॉ. विल्यम हॅडन यांची चौकट हाताशी घ्यावी. व्यक्ती, साधन आणि परिसर या प्रत्येकाचा विचार घटनेपूर्वी, घटनेच्या वेळी आणि घटनेनंतर अशा तीन टप्प्यांत करायला ती लावते. ‘मुलाचा निष्काळजीपणा’ हे उत्तर त्या चौकटीत फार तर एका खणात बसते, आणि बाकीचे खण रिकामे दिसू लागले की संशोधकाला आपले काम कळते.

वय विचारताना इयत्ताही विचारावी. १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेऊ देणार नाही, अशी हमी राज्य सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिल्यामुळे सोबत आलेले कार्यकर्ते वय वाढवून सांगू शकतात. सातवीतला मुलगा मात्र आपली इयत्ता सहसा चुकवत नाही.

रुग्णालयाच्या आकड्यांवर पूर्ण विसंबू नये. किती जण जखमी झाले ते तिथे कळते, किती जण चढले ते कळत नाही. आणि चढणाऱ्यांची संख्या ठाऊक नसेल तर यंदा धोका वाढला की केवळ पथके वाढली, हे सांगता येत नाही. शिवाय सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होत असल्याने केवळ गोपाळकाल्याच्या दिवशीच्या नोंदी तपासणारा अभ्यास कित्येक आठवड्यांच्या दुखापती गमावून बसतो. त्यासाठी संध्याकाळी सरावाच्या मैदानावर जाऊन बसावे लागते. प्रबंधाच्या मार्गदर्शकांना हे वेळखाऊ वाटेल. तरी त्यांचे मन वळवावे.

मुलांकडून माहिती घेण्यापूर्वी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, आणि १२ वर्षांपुढे तो सोप्या भाषेत लेखी घेतात.

निष्कर्ष नियतकालिकाकडे पाठवावेतच, पण पथकाच्या प्रशिक्षकांना ते पुढच्या गुरुपौर्णिमेच्या आत समजावून सांगावेत, कारण कोण कुठल्या थरावर चढणार हे एकदा ठरले की ते बदलायला कोणी सहजी तयार होत नाही.