हिरड्यांच्या आजाराने रोजच्या जगण्यात काय बदलले, हे कसे तपासावे आणि त्यावर काय करावे

दाढ ठणकू लागली की माणूस रात्र जागून काढतो आणि सकाळी दवाखाना उघडण्याआधीच दारात जाऊन उभा राहतो. हिरड्यांचा आजार मात्र बहुधा दुखत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात तीव्र स्वरूपाच्या अशा आजाराचे शंभर कोटींहून अधिक रुग्ण आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी आपल्या खाण्याबोलण्याला नकळत मुरड घातलेली असते. आमच्या एका आत्याबाईंनी पन्नाशीतच पेरू सोडला. विचारले तर "आता आवडत नाही" एवढेच म्हणत. पुढे लक्षात आले, की समोरचे दोन दात हलत होते; पेरूच्या पातळ चकत्या करून, बिया काढून, त्या मागच्या दाढांनी चावून पाहत आणि शेवटी बशी बाजूला सारत. हा आजार किती बळावला आहे हे नुसत्या वेदनेवरून ठरवू नये, आपण काय काय सोडून दिले आहे यावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी आरशासमोरची. चांगल्या उजेडात ओठ वर करून पाहावे. निरोगी हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते. आजारी हिरडी लालसर, फुगीर आणि कडेला सैल दिसते. चूळ भरल्यावर थुंकीत लाली दिसते का, हे सलग सात दिवस पाहून कॅलेंडरवर खूण करावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या निकोटिनमुळे आकसलेल्या असतात आणि त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते. रक्त दिसत नाही म्हणजे हिरड्या ठणठणीत आहेत, असा अर्थ त्यांनी काढू नये. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात हा आपल्याकडचा समजही असाच घातक आहे, कारण मिश्री म्हणजे अखेर तंबाखूच.

दुसरी पायरी कागदाची, आणि माझ्या लेखी तीच सर्वांत महत्त्वाची. मुखाच्या आरोग्याचा जगण्यावर होणारा परिणाम मोजण्यासाठी संशोधक ओएचआयपी-१४ नावाची चौदा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. त्यात सात अंगांचा विचार होतो आणि प्रत्येक उत्तराला 'कधीच नाही' याला ० पासून 'फार वेळा' याला ४ पर्यंत गुण दिले जातात, म्हणजे एकूण गुण ० ते ५६. घरच्या वापरासाठी तिची नक्कल करण्याची गरज नाही. त्याच पद्धतीने आपले प्रश्न आपण लिहावेत. भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागते का? उसाचे कांडे किंवा भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा आपण टाळतो का? जेवणानंतर दातांतले कण काढण्यासाठी काडी शोधावी लागते का? हसताना हात आपोआप तोंडाकडे जातो का? तोंडाला वास येत असेल या धास्तीने लग्नकार्यात आपण चार हात लांब उभे राहतो का? जोडीदारालाही तोच कागद स्वतंत्रपणे भरायला द्यावा, कारण वासाची बातमी स्वतःला सर्वांत शेवटी कळते. एकूण गुण आणि तारीख लिहून कागद जपून ठेवावा.

तिसरी पायरी म्हणजे तो कागद घेऊन दंतवैद्याकडे जाणे. ते बारीक सळईने दात आणि हिरडी यांमधील फटीची खोली मोजतात. साधारण ३ मिलिमीटरपर्यंतची खोली ठीक मानली जाते, त्याहून अधिक असल्यास लक्ष द्यावे लागते. हाड किती झिजले आहे ते एक्स-रेत दिसते. मधुमेह असल्यास तो आवर्जून सांगावा, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. रक्तदाबावरील अ‍ॅम्लोडिपिन आणि फिटांवरील फेनिटॉइन या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढतात. ती मनाने बंद न करता फक्त नोंद द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तीही सांगावी.

त्यानंतर दात साफ करून घ्यावेत. 'मशीनने साफ केले की दात हलतात' ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते. प्रत्यक्षात किटणाच्या थराने फट बुजलेली असते आणि सुजेने हिरडी वर आलेली असते. किटण निघाले व सूज उतरली की फट उघडी पडते. काही दिवस गार पाणी झोंबते, हेही खरे. ही दोन्ही लक्षणे आधी माहीत असली की उपचार अर्धवट सुटत नाहीत.

घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, दोन मिनिटे, दिवसातून दोनदा फिरवावा. दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश रोज एकदा वापरावा. रक्त येते म्हणून घासणे सोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि स्वच्छता पुन्हा सुरू करताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग सुरुवातीच्या सुजेपुरता लागू आहे. झिजलेले हाड मात्र नुसत्या घासण्याने परत येत नाही.

तीन महिन्यांनी नवा कागद भरून जुन्याशेजारी ठेवावा. रक्त आणि वास यांचे गुण सहसा आधी उतरतात, चावण्याचे मागे रेंगाळतात. तेच गुण जागचे हलत नसतील, तर हलणारे दात आधाराने बांधता येतील का किंवा कवळीचा विचार करावा का, हे पुढच्या भेटीत नेमके विचारावे, आणि दर तीन ते सहा महिन्यांच्या तपासणीची तारीख त्याच कागदावर लिहून घ्यावी.