शिंपल्यातला मोतिया थर कसा बघावा

आधी शिंपला नीट निवडा. चकाकणारा प्रत्येक शिंपला मोतिया नसतो. कवडी कितीही चमकली तरी तिच्यात हा थर नाही, आणि खाण्याच्या कालवाची आतली बाजू गुळगुळीत असली तरी तिची घडण वेगळी. मोत्याची कालवं किंवा गोड्या पाण्यातले मोठे शिंपले घ्या. रिकामा आणि तुटलेला मिळाला तर उत्तमच, कारण खरी गोष्ट कडेला दिसते.

ती कड दहापट भिंगाखाली धरा. बाहेर काळपट साल, मग उभ्या स्फटिकांचा थर आणि आत आडवे, वहीच्या पानांसारखे पापुद्रे, हाच मोतिया थर. एकेक पापुद्रा मात्र भिंगातून सुटा दिसणार नाही. तो अ‍ॅरागोनाइट या खनिजाच्या चपट्या विटांचा असतो, आणि वीट जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)! केसाच्या जाडीत असे शंभरेक पापुद्रे सहज मावतात.

हे बांधकाम करतो प्रावार, म्हणजे कवचाला आतून चिकटलेली मऊ त्वचा. तो आधी कायटिन (कीटकांच्या कवचातही असतो तो चिवट पदार्थ) आणि प्रथिनांचे तलम पडदे अंथरतो, मग त्यांच्यामधल्या जागेत खनिज भरत जातं. पडद्यांना बारीक छिद्रं असतात. त्यांतून खालचा स्फटिक वर डोकावतो आणि पुढची वीट त्याच्याच दिशेने वाढते. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं. शिंपल्यात विटा भिंतीसारख्या सांधे चुकवून बसतात, तर अबालोनीसारख्या समुद्री गोगलगायींत नाण्यांच्या चळतींसारख्या.

आता तुकडा उजेडात हळूहळू कलता करा. हिरवा सरकून गुलाबी होतो. हे रंगद्रव्य नव्हे. थराथरांवरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात, त्याचा हा खेळ. शिवाय घासलेल्या पृष्ठभागावर थरांच्या कडांच्या सूक्ष्म रेघा असतात, त्याही रंग पाडतात. स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1814 मध्ये दाखवलं की मोतिया शिंपल्याचा ठसा काळ्या मेणावर घेतला तर मेणावरही रंग उमटतात. घासायचं असेल तर पाण्याखालीच घासा, कोरडी पूड फुप्फुसांना वाईट.

शेवटी एक छोटा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. लगेच बुडबुडे येतील: खनिज विरघळतंय. व्हिनेगर बदलत काही दिवस थांबा. वजनाने थराच्या जेमतेम पाच टक्के असलेले पडदे तेवढे उरतात. चिमट्याने उचला. मघाशी कडक असलेला तुकडा आता ओल्या कागदासारखा वाकतो.