पेशंट सेफ्टी फक्त फाईलमध्ये राहतीय का? या चुका टाळा

आधी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते, आता सांगलीतल्याच एका छोट्या हॉस्पिटलमध्ये क्वालिटीचं काम बघते. एनएबीएचची (हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) तयारी सुरू झाली की पोस्टर लागतात, फॉर्म छापून येतात, एक ट्रेनिंग होतं आणि सगळ्यांना वाटतं झालं काम.

पहिली चूक नाव विचारण्यातच होते. "तुम्ही पाटील मावशी ना?" असं विचारलं की ग्लानीतला पेशंट पण हो म्हणतो, नाहीतर शेजारचे नातेवाईक हो म्हणतात. आपल्याकडं एका वॉर्डात तीन पाटील सहज असतात, त्यात सांगली-मिरजेला कर्नाटकातून येणारे पेशंट, मराठी नीट कळत नाही पण मान हलवतात. म्हणून "पूर्ण नाव सांगा" असंच विचारायचं, मग हातातल्या पट्टीवरचं नाव आणि यूएचआयडी नंबर (हॉस्पिटलनं त्या पेशंटला दिलेला स्वतंत्र नंबर) केसपेपरशी जुळवायचा. बेड नंबर ही ओळख नव्हे!

हे मी जीव तोडून सांगते कारण मी पूर्वी जिथं होते तिथं रात्री दोन बेड बदलले, औषधाच्या ट्रेवर बेड नंबरच लिहिलेला, आणि सकाळी इन्सुलिन भलत्याच आजोबांना निघालं होतं. त्यांची मुलगी "बाबांना शुगर नाहीये" म्हणाली म्हणून वाचलं. सिस्टरनं स्वतः येऊन सांगितलं, तर तिलाच राउंडमध्ये सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर कितीतरी महिने इन्सिडंट फॉर्म (झालेली चूक कळवायचा फॉर्म) एकही नाही, आणि मीटिंगमध्ये सगळे खूश, मीसुद्धा. चुका थांबल्या नव्हत्या ओ, सांगणं थांबलं होतं. तेव्हा रिपोर्ट शून्य दिसले तर आधी घाबरा. फॉर्मवर नाव सक्तीचं करू नका, "कुणी केलं" च्या आधी "कसं झालं" विचारा, आणि त्यावर काय बदललं ते वॉर्डात जाऊन सांगा. ट्रेवर बेड नंबरऐवजी पेशंटचं नाव-नंबर लिहायला काही खर्च येत नाही.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) वेगळीच गंमत नाही, तीच गोष्ट. डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट 2008 पासून आहे, भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि पेशंट ओटीबाहेर न्यायच्या आधी अशी तीनदा थांबून मोठ्यानं वाचायची. पण ती ऑपरेशन संपल्यावर एकाच पेननं, एका दमात भरलेली दिसते. सिस्टरला सर्जन सरांना थांबवायची भीती वाटते, म्हणून "चेकलिस्ट वाचल्याशिवाय मला ब्लेड द्यायचं नाही" हे सरांनीच बोलून दाखवायला पाहिजे, सर्क्युलर काढून होत नाही ते.

आणि हो, पोटॅशियम क्लोराईडचे अँप्यूल वॉर्डच्या ट्रॉलीत इतर अँप्यूलशेजारी असतील तर आजच काढा, डायल्यूट न करता शिरेतून गेलं तर हृदय बंद पडतं. हँडरब (हातावर चोळायचं सॅनिटायझर) दारात एक नको, प्रत्येक बेडपाशी हवा, आणि 20 ते 30 सेकंद चोळायचा. फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवायची, डॉक्टर वैतागले तरी.